नदीचं मूळ

कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात. एरवी संगम म्हणजे एक नदी मुकाट बाजूनं येते आणि दुसरीच्या पोटात शिरते. इथे तसं नाही. दोघी तोंडावर तोंड करून येतात, कुणी कुणाला वाट द्यायची असा पेच पडल्यासारखं पाणी जरा घुटमळतं, आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. दोघींचा जन्म एकाच डोंगरावरचा, महाबळेश्वरचा. माहेर एक, वाटा वेगळ्या, आणि गाठ पडते ती पार कराडात.

माझं लहानपण त्या घाटावर गेलं. आज्जी कृष्णाबाईच्या देवळात गेली की मी पायऱ्यांवर बसून असायची. एकदा तिला विचारलं, "पुढे हिचं नाव नुसतं कृष्णाच का? कोयना कुठं गेली?" आज्जी म्हणाली, "थोरली आहे ती." "कशावरून थोरली?" तेव्हा तिनं ठेवणीतलं शस्त्र काढलं, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये." मी मूळ विचारतच नव्हते. मूळ ठाऊक होतं. मला संगमाच्या पुढचं विचारायचं होतं.

हे आठवायला कारण झाला एक फोन. माझ्याकडे संध्याकाळच्या बॅचला रशियन शिकलेली एक मुलगी सध्या मध्य युरोपात पीएचडी करते. एकोणिसाव्या शतकातली युक्रेनियन आणि पोलिश कविता हा तिचा विषय. रशियन तिला माझ्याकडून मिळाली, पोलिश तिथं जाऊन शिकली आणि युक्रेनियन गेल्या तीन वर्षांत, निर्वासित म्हणून आलेल्या एका बाईंकडून. मध्ये तिनं माझा एम.ए.च्या वेळचा जुना निबंध मागितला होता. मी कौतुकानं फोटो काढून पाठवला. चार दिवसांनी फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग जरा अडखळत ती म्हणाली, "मॅडम, एक बोलू का? तुम्ही दोन समुद्र एक करून टाकलेत."

त्या निबंधाविषयी आधी सांगायला हवं. मी रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकायला गेले ते नव्वदच्या दशकात, म्हणजे सोव्हिएत संघ मोडल्यावर. नोकरीच्या दृष्टीनं याहून वाईट मुहूर्त नव्हता. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं तेव्हा पुण्याच्या फुटपाथवर वजनावर विकल्यासारखी स्वस्त मिळत. पण भाषेनं पहिल्याच महिन्यात पकडलं. सुनेला रशियनमध्ये 'स्नोखा' म्हणतात, संस्कृतातली स्नुषाच ती. नवऱ्याच्या भावाला 'देवेर', म्हणजे आपला दीर. भाऊ 'ब्रात', विस्तव 'अगोन'. सुट्टीत कराडला गेले की वहिनीला मी मुद्दाम 'स्नोखा' म्हणून हाक मारायची आणि ती मला लाटणं दाखवायची. जगातले सगळे झरे कुठेतरी एक आहेत, या कल्पनेची त्या वयात एक झिंग असते.

या नात्यागोत्याच्या आनंदात एक खोट आहे, ती नंतर कळते. रशियनमध्ये 'पझोर' म्हणजे लाज, बेअब्रू. प्रागच्या रस्त्यांवर मात्र 'पोझोर' अशा पाट्या असतात आणि त्यांचा अर्थ 'सावधान'. रशियन माणसाच्या लेखी 'चोर्स्त्वी' पाव म्हणजे शिळा, कडक झालेला. चेक बेकरीत 'चेर्स्त्वी' म्हणजे आत्ता भट्टीतून काढलेला, ताजा. पोलिशमध्ये 'उरोदा' हे सौंदर्य, रशियन 'उरोद' म्हणजे बेढब, विद्रूप. हिंदीत शिक्षा घेतात आणि मराठीत भोगतात, त्यातलाच प्रकार. सख्खेपणामुळेच माणूस फसतो. जपानी शब्द आला तर आपण कोश उघडतो. ओळखीचा वाटला की उघडतच नाही.

मीही उघडला नव्हता. 'स्लाव्ह साहित्यातील एकात्मता' असं भारदस्त शीर्षक देऊन मी वीस पानं लिहिली होती. रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन अशा सख्ख्या भाषा बोलणारे ते स्लाव्ह. त्यात दोन कविता शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. पहिली पुश्किनची, १८३१ची. दुसरी तारास शेवचेंकोची, १८४५ची. दोन्हींत स्लाव्ह नद्या आहेत, दोन्हींत त्या एका समुद्राला मिळतात. बघा, मी लिहिलं होतं, रशियन कवी आणि युक्रेनियन कवी एकच स्वप्न पाहतात. मार्कही चांगले पडले होते.

"मॅडम, शेवचेंको तुम्ही रशियनमधून वाचला होतात ना?"

हो. पोलिश कवी मित्स्क्येविचही रशियनमधूनच. आणि शेवचेंकोनं ज्याला ती कविता अर्पण केली तो शाफारिक तर वाचलाच नव्हता; कुणाच्या तरी तळटीपेतून नाव उचललं होतं.

आता त्या दोन समुद्रांकडे बघू. १८३०च्या नोव्हेंबरात वॉर्सात झारविरुद्ध उठाव झाला. फ्रान्सच्या संसदेत पोलंडच्या बाजूनं भाषणं झाली. त्यावर संतापून पुश्किननं रशियाच्या निंदकांना उद्देशून कविता लिहिली. हे स्लाव्हांचं घरातलं जुनं भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका, असा तिचा सूर. आणि त्यात तो प्रसिद्ध प्रश्न: स्लाव्ह ओढे रशियन समुद्रात विलीन होणार, की तो समुद्रच आटणार? प्रश्न म्हणायचा, पण उत्तरं दोनच ठेवलेली आहेत. ओढ्यांनी आपापलं वाहत राहावं, हा पर्याय त्या ओळीत नाही. भावकीच्या वादात थोरला भाऊ बोलतो तशी ती ओळ आहे. घर मोडेल, नाहीतर तुम्ही सगळे माझ्या सातबाऱ्यावर.

शेवचेंको जन्मानं भूदास. १८३८ साली पैसे मोजून त्याची सुटका झाली. सात वर्षांनी त्यानं लिहिलेली ही कविता आहे यान हुसवर, म्हणजे १४१५ साली कॉन्स्टन्सला जिवंत जाळलेल्या चेक धर्मसुधारकावर. अर्पण केली प्रागला राहणाऱ्या पावेल योझेफ शाफारिक या स्लोव्हाक पंडिताला. अर्पणपत्रिकेत म्हटलंय, शाफारिका, तुझा जयजयकार असो, तू स्लाव्ह नद्या एका समुद्राला आणल्यास. मी 'समुद्र' वाचलं आणि खूण केली. 'आणल्यास' वाचलं नाही. कुणी आणल्या? तर एका अभ्यासकानं. त्याच्याजवळ ना सैन्य, ना राजधानी, ना जहाज. होती ती पुस्तकं. पुश्किनचा समुद्र म्हणजे साम्राज्य, आणि शेवचेंकोचा समुद्र म्हणजे, सरळ सांगायचं तर, एका गरीब मास्तरानं लिहिलेला ग्रंथ.

हे कळायला मला तीस वर्षं लागली आणि ते एका सव्वीस वर्षांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. राग आला नाही, असं म्हणणार नाही. फोन ठेवल्यावर उगाच दोन कपाटं आवरली.

मग हट्टानं वाचायला बसले, आणि एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. या अभ्यासाचा पाया घालणारे सगळे वयानं कोवळे होते. पुस्तकांतून त्यांची चित्रं असतात ती म्हातारपणची, कल्ले राखलेली, कोटावर पदक लावलेली. पण शाफारिकनं सगळ्या स्लाव्ह बोलीभाषांचा आणि त्यांच्या साहित्याचा एकत्र इतिहास प्रसिद्ध केला तो १८२६ साली, एकतिसाव्या वर्षी. तेव्हा तो डॅन्यूबकाठच्या नोवी सादमध्ये सर्बियन मुलांच्या शाळेत शिकवत होता. आणि पुस्तक लिहिलं कुठल्या भाषेत? जर्मनमध्ये! कारण पोलिश वाचकाला सर्बियन कळेना, रशियनाला चेक कळेना, आणि जर्मन मात्र सगळ्यांना यायचं. पुढे १८३३ साली प्रागच्या मित्रांनी वर्गणी काढून त्याला बोलावून घेतलं, तेव्हा अट घातली की इथून पुढे लिहायचं ते फक्त चेकमध्ये.

त्याचा मित्र, कवी यान कोल्लार पेस्टला, म्हणजे आजच्या बुडापेस्टमध्ये, स्लोव्हाक लोकांच्या चर्चमध्ये पाद्री होता. स्लाव्ह साहित्यांनी एकमेकांशी देवाणघेवाण ठेवावी, प्रत्येक शिकलेल्या स्लाव्हाला रशियन, पोलिश, चेक-स्लोव्हाक आणि इलिरियन (म्हणजे दक्षिणेकडची) या चारी शाखा याव्यात, असं आवाहन त्यानं केलं, आणि १८३७ची त्याची विस्तृत आवृत्तीही जर्मनच निघाली. भावंडांनी एकमेकांशी बोलावं म्हणून शेजाऱ्याच्या भाषेत पत्र. हसू येतं, पण आपण मराठी-कानडी-गुजराती माणसं एकत्र जमलो की काय बोलतो ते आठवलं की हसू आवरतं.

कोल्लारच्या 'स्लावाची कन्या' या काव्याचे सर्ग नद्यांच्या नावांचे आहेत: साला, लाबे, डॅन्यूब. ही साला म्हणजे जर्मनीतल्या येना गावाजवळून वाहणारी नदी. तिथं तो शिकायला होता, तिथंच प्रेमात पडला. त्या काठांवर एके काळी स्लाव्ह लोक राहत. आता गावांची नावं तेवढी उरली होती. म्हणजे त्याच्या नद्या आटलेल्या माणसांच्या आहेत. नद्यांची ही प्रतिमा मुळात कोल्लारकडून निघाली असेल का, असं मी त्या मुलीला विचारलं. ती हसली. "कुणी कुणाकडून घेतलं हे शोधण्यात शंभर वर्षं गेली मॅडम. घेतल्यावर तिचं काय केलं, ते बघायचंय." थोडक्यात, नदीचं मूळ विचारू नये. फक्त आज्जीनं मला गप्प करायला म्हटलं होतं आणि ही बोलतं करायला म्हणत होती.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र चार पोरांची आहे. १८३५ साली रशियात विद्यापीठांसाठी नवा कायदा झाला आणि त्यात स्लाव्ह भाषा-साहित्याची अध्यासनं निघाली: मॉस्को, पीटर्सबर्ग, खार्किव, कझान. अध्यासनं निघाली, पण शिकवणार कोण? विषयच नवा. तेव्हा सरकारनं विशी-तिशीतली चार माणसं निवडली आणि त्यांना खर्च देऊन स्लाव्ह देशांत धाडलं. जा, फिरा, शिका आणि परत येऊन प्राध्यापक व्हा. सरकारचा हेतू काही भोळा नव्हता. शेजारपाजारच्या स्लाव्हांवर झारचं लक्ष होतंच. पण पाठवलेली माणसं सरकारपेक्षा जास्त जिज्ञासू निघाली.

मॉस्कोचा ओसिप बोद्यान्स्की मूळचा युक्रेनियन. तो प्रागला शाफारिकच्या घरी जाऊ-येऊ लागला आणि त्याचे ग्रंथ रशियनमध्ये आणत राहिला. हाच बोद्यान्स्की पुढे शेवचेंकोचा मित्र झाला, आणि शाफारिक शेवचेंकोपर्यंत पोचला त्यात याचा हात मोठा. पीटर्सबर्गचा प्रेइस परतल्यावर चार वर्षांत, छत्तिसाव्या वर्षी वारला. नावावर फारसं काही नाही. कझानचा ग्रिगोरोविच तुर्की अमलाखालच्या मुलखात हिंडला. आथोस पर्वतावरच्या एका मठात त्याला अकराव्या शतकातली, ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीतली बायबलची पोथी सापडली आणि ती तो घेऊन आला. आज ती मॉस्कोत आहे. 'घेऊन आला' या शब्दांत काय काय बसतं, ते ज्यांच्या घरच्या पोथ्या परदेशी कपाटांत आहेत त्यांनी ठरवावं.

चौथा खार्किवचा इझ्माईल स्रेझ्नेव्स्की. १८३९ साली निघाला तेव्हा सत्तावीस वर्षांचा. तीन वर्षं फिरला, पुष्कळसा पायी, आणि आईला पत्रं लिहीत राहिला. ती पत्रं त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपानं आली. सरकारी अहवाल एकीकडे आणि आईला पत्रं दुसरीकडे. भाषांचा खरा प्रवास मला वाटतं दुसरीकडेच नोंदला गेला. लुझात्स्यात, म्हणजे जर्मनांनी चहूबाजूंनी वेढलेल्या सोर्ब लोकांच्या मुलखात, त्याला यान आर्नोश्त स्मोलेर नावाचा चोवीस वर्षांचा जोडीदार मिळाला. तो आपल्या लोकांची गाणी गोळा करत होता. दोघं गावोगाव हिंडले. एक साम्राज्यातून आलेला, दुसऱ्याची भाषा मूठभर लोकांची. गाण्यासमोर दोघंही सारखेच विद्यार्थी.

या स्रेझ्नेव्स्कीची एक लपवायची बाजूही आहे, आणि ती मला त्याच्या प्राध्यापकीपेक्षा महत्त्वाची वाटते. एकविसाव्या वर्षापासून त्यानं युक्रेनियन कोसॅकांच्या जुन्या पोवाड्यांचे आणि कथांचे भाग छापायला सुरुवात केली होती. लोक हरखले. मागाहून कळलं की त्यातले बरेच पोवाडे लोकांचे नव्हतेच. अलीकडे कुणीतरी रचून जुने म्हणून खपवलेले होते. ज्या भाषेचं जुनं वैभव सापडत नाही तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुणाला ते वैभव रचून द्यायचा मोह होतो. प्रागच्या व्हाक्लाव हांकानं १८१७ साली, सव्विसाव्या वर्षी, एका चर्चच्या मनोऱ्यात मध्ययुगीन चेक काव्याची पोथी 'शोधून' काढली. राष्ट्र धन्य झालं. सत्तर वर्षांनी भाषातज्ज्ञ यान गेबाउअर आणि त्याच्या बाजूनं उभा राहिलेला टोमाश मासारिक यांनी ती बनावट असल्याचं मांडलं, तेव्हा मासारिकला लोकांनी देशद्रोही ठरवलं. पुढे तोच चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, हे त्यांच्याकडचं चांगलं. आपल्याकडे बखरीतल्या एका ओळीवर शंका घेतली तर काय होतं, त्यात शिरत नाही.

फसवणुकीतूनही साहित्यं जोडली जातात, हे मला त्या मुलीनं पाठवलेल्या एका टिपणामुळे आठवलं. १८२७ साली पॅरिसमध्ये बाल्कन लोकगीतांचा एक फ्रेंच संग्रह निघाला, निनावी. गीतं गोळा करणारा कुणी प्रवासी असल्याचा आव होता. प्रत्यक्षात ती जवळजवळ सगळी तेवीस वर्षांच्या प्रॉस्पेर मेरिमेनं घरबसल्या लिहिली होती. पुश्किन त्यावर इतका लुब्ध झाला की आपल्या 'पश्चिमेकडील स्लाव्हांची गीतं' या सोळा कवितांच्या मालिकेतल्या अकरा त्यानं त्यावरून केल्या. मित्स्क्येविचलाही ती गीतं अस्सल वाटली होती. मग पुश्किननं एका मित्रामार्फत चौकशी केली. मेरिमेचं उत्तर आलं आणि पुश्किननं ते प्रस्तावनेत चक्क छापलं. मेरिमे म्हणतो, मला आणि माझ्या मित्राला त्या भागात फिरायला जायचं होतं, पण पैसे नव्हते. तेव्हा ठरवलं की प्रवासवर्णन आधी लिहायचं, विकायचं आणि आलेल्या पैशातून जाऊन बघायचं की आपलं काय काय चुकलं.

पुश्किननं कविता मागे घेतल्या नाहीत. उरलेल्या पाचांपैकी दोन वुक कारादजिचनं सर्बियन लोकांच्या तोंडून ऐकून टिपलेल्या गाण्यांवरून आहेत आणि तीन त्याच्या स्वतःच्या. म्हणजे एकाच माळेत फ्रेंच बनावट मणी, सर्बियन अस्सल मणी आणि रशियन घरचे मणी. मी न सांगता कुणी ओळखून दाखवावेत. वुकची गाणी जर्मनीत लोकप्रिय केली तेरेझे फोन याकोब या तरुणीनं. १८२५-२६ साली तिची भाषांतरं आली ती 'ताल्फी' या टोपणनावानं, म्हणजे आपल्याच नावाच्या आद्याक्षरांमागे लपून. तिच्या लहानपणी तिचे वडील खार्किवला प्राध्यापक होते; स्लाव्ह गाणी तिच्या कानावर तिथं पडली. मघाशी त्या चार पोरांमध्ये मुलगी का नाही असं मनात आलं होतं. मुली होत्या, त्यांना सरकारी प्रवासखर्च नव्हता.

पण दोन साहित्यांचं नातं कसं असतं, याचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात सुंदर पुरावा एका तळटीपेत आहे. मित्स्क्येविचला विल्नाच्या, म्हणजे आजच्या विल्नियसच्या, विद्यार्थी मंडळाच्या खटल्यात शिक्षा होऊन १८२४ साली रशियात पाठवलं. १८२६ला मॉस्कोत त्याची आणि पुश्किनची गाठ पडली. दोघंही ऐन पंचविशी-तिशीतले, दोघंही झारच्या नजरेखालचे. मैत्री जमली. मग वॉर्साचा उठाव झाला, तो चिरडला गेला, पुश्किननं ती समुद्राची कविता लिहिली. मित्स्क्येविच तोवर परदेशी निसटला होता. १८३२ साली त्यानं पीटर्सबर्गवर जळजळीत कवितांची मालिका छापली. एका कवितेत पीटर द ग्रेटच्या पुतळ्याखाली पावसात दोन तरुण एकाच अंगरख्याखाली उभे आहेत, एक पश्चिमेकडून आलेला यात्रिक आणि दुसरा रशियन कवी. रशियन कवी म्हणजे पुश्किनच, असं बहुतेक मानतात. दुसऱ्या एका कवितेत १८२४च्या महापुराची पूर्वसंध्या आहे.

हे पुस्तक रशियात बंद होतं. एका मित्रानं ते पुश्किनला परदेशातून आणून दिलं. पुश्किन ते मूळ पोलिशमधून वाचत होता. त्यातल्या कविता त्यानं आपल्या वहीत पोलिशमध्येच, स्वतःच्या हातानं उतरवून घेतल्या. ज्या पोलंडविरुद्ध दोन वर्षांपूर्वी गर्जना केली, त्याची भाषा शिकत अक्षर न अक्षर उतरवणारा पुश्किन! आणि १८३३च्या ऑक्टोबरात बोल्दिनोला बसून त्यानं उत्तर लिहिलं, 'ब्राँझचा घोडेस्वार'. तोच पुतळा, तोच पूर. झारच्या सेन्सॉरनं ते त्याच्या हयातीत पूर्ण छापू दिलं नाही. त्याच्या टिपांमध्ये एक छोटी टीप आहे: मित्स्क्येविचनं पुराच्या आदल्या दिवसाचं सुंदर वर्णन केलं आहे, पण ते अचूक नाही याचं वाईट वाटतं, तेव्हा बर्फ पडला नव्हता, नेवा गोठलेली नव्हती, आमचं वर्णन जास्त खरं आहे, जरी त्याला पोलिश कवीचे झगझगीत रंग नसले तरी.

ही टीप मी पूर्वी शेकडो वेळा वाचली असेल, वर्गात शिकवलीही. तेव्हा ती कवीचा खोडसाळपणा वाटायची. आता वाटतं, राज्यानं ज्याचं नाव घेणं अवघड केलं होतं त्या मित्राचं नाव छापायला याहून चांगली जागा नव्हती. हवामानाची चूक काढायची आणि त्या निमित्तानं सलाम करायचा. आणि गंमत अशी की पूर आला तेव्हा पुश्किन पीटर्सबर्गात नव्हताच. तो मिखाइलोव्स्कोयेच्या खेड्यात नजरकैदेत होता. पुराचे तपशील त्यानं छापील वृत्तांतांतून घेतले, हे तोच प्रस्तावनेत सांगतो. मित्स्क्येविच शहरात पोचला तो पूर येऊन गेल्यावर. पूर दोघांनीही पाहिला नाही, आणि वाद कशावर, तर बर्फ होता की नव्हता! असं भांडण परक्याशी होत नाही.

मग मला मॉस्कोहून प्रागला आलेला भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन आठवला. १९२३ साली, सव्विसाव्या वर्षी त्यानं चेक आणि रशियन छंदांची तुलना करणारं पुस्तक काढलं. चेक शब्दात आघात नेहमी पहिल्या अक्षरावर, आणि ऱ्हस्वदीर्घ वेगळं सांभाळतात. रशियनमध्ये आघात कुठेही, आणि स्वराची लांबी त्याच्या मागे मागे. तेव्हा कागदावर एकच दिसणारं वृत्त कानाला एक राहत नाही. कोल्लारच्या पिढीनं सारखेपणा गोळा केला. हा माणूस सारखेपणाच्या आतला फरक मोजत बसला, तोही जिथं नवखा होता त्या शहरात राहून.

माझी विद्यार्थिनी त्याच जातीची आहे. तिच्याबरोबरची मुलंमुलीही. कुणी सोर्ब भाषा शिकतंय, कुणी बेलारूसी. २०२२ नंतर त्यांच्या विषयात मोठी घुसळण चालू आहे. इतकी वर्षं 'स्लाव्ह विभाग' म्हणजे व्यवहारात रशियन विभाग, बाकीच्या भाषा ऐच्छिक; हे का, असं ती विचारतायत. युक्रेनच्या अनेक गावांतून पुश्किनचे पुतळे उतरवले गेले. मला त्याचा त्रास होतो, आणि त्या त्रासाला मी फारशी किंमत द्यावी असंही वाटत नाही. २०२२च्या मार्चमध्ये खार्किव विद्यापीठाच्या इमारतींवर मारा झाला. स्रेझ्नेव्स्की परतल्यावर शिकवू लागला ते हेच विद्यापीठ. ताल्फीचे वडील शिकवायचे तेही हेच.

आणि शेवचेंकोचं काय झालं तेही मी निबंधात लिहिलं नव्हतं. १८४६च्या सुमाराला कीवमध्ये काही तरुण अभ्यासकांनी सिरिल आणि मेथोडियस या संतांच्या नावानं एक गुप्त मंडळ काढलं. सगळ्या स्लाव्ह लोकांचा बरोबरीच्या नात्यानं संघ व्हावा, हे त्यांचं म्हणणं. १८४७ला धरपकड झाली. शेवचेंकोला साधा शिपाई करून दूर पाठवलं आणि झारनं स्वतः शेरा मारला की लिहायला आणि चित्र काढायला बंदी. कवितांची वही जप्त झाली. ज्या समुद्राला नद्या आपापल्या नावानिशी येणार होत्या तो कागदावरचा समुद्रही त्या दुसऱ्या समुद्राला चालला नाही. हे माझ्या वीस पानांत एकात्मतेचं उदाहरण होतं.

परवा तिचा पुन्हा फोन आला. तिला त्या दोन ओळी मराठीत करायच्या आहेत आणि ती क्रियापदापाशी अडली आहे. पुश्किनचे ओढे आपण होऊन 'सल्युत्सा', म्हणजे मिसळून जातील, वेगळे काढता येणार नाहीत. शेवचेंकोचं 'झ्विव' म्हणजे हाताला धरून एका जागी आणलं. "मिळणं लिहू का? विलीन होणं? एकवटणं?" मी म्हटलं, मिळणं नको, नदी समुद्राला मिळते म्हटलं की कुणीतरी संपतं. एकवटणं सभेतलं वाटतं. अर्धा तास घातला, जमलं नाही.

शेवटी मी कराडला आईला फोन लावला. म्हटलं, "संगमावर कृष्णा-कोयना काय करतात गं? म्हणजे तुम्ही काय म्हणता, मिळतात का मिसळतात?"

आई म्हणाली, "भेटतात की. काय करतात म्हणजे?" आणि मग, "पाणी वाढलंय हं पुष्कळ. घाटाच्या खालच्या पायऱ्या सकाळी दिसेनाशा झाल्यात. तू या आठवड्यात येऊ नकोस."